वरचा कापूस

बाजाराला न्यायच्या गाडीत वर कोणता कापूस अंथरायचा, हे आमच्या वऱ्हाडात पोराला नीट चालता येण्याआधी कळतं. खाली कवडी लागलेला म्हणजे किडका, पिवळा पडलेला, काडीकचऱ्याचा. वर दुधासारखा पांढरा. व्यापारीही याच मातीतला असतो. तो वरच्या कापसाकडं पाहतसुद्धा नाही. बाही वर सारतो, कोपरापर्यंत हात गाडीत खुपसतो आणि तळाची मूठ काढून चारचौघांत उघडतो. मग प्रत ठरते, आणि प्रतीवर भाव.

माझ्या सासऱ्यांनी एकदा अख्खं गाव असं गाडीसारखं भरलं होतं. वर अंथरायला त्यांच्याकडं मी होते.

आता आमच्या भागाला वाशीम जिल्हा म्हणतात. तेव्हा आम्ही अकोल्यात होतो. स्वराज्य नवं होतं, योजना नव्या होत्या, आणि मीही नवीच होते. माझं माहेर मंगरूळपीरचं. वडील तहसीलीत कारकून. घरासमोरून मोटार जायची, दर्ग्याच्या उरुसात पाळण्यात बसलेली मी पोरगी, आणि वर सातवी पास. लग्न होऊन मानोऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यात आले तेव्हा अंगावर दागिने बेताचे होते, पण अंगात सातवी पुरती संचारलेली होती. बाया झऱ्यावर बोलायच्या, "पानी आटून राह्यलं वं," तर ही महाराणी म्हणायची, "हो, पाणी आटत चाललं आहे खरं." त्या बाया एकमेकींकडं बघून पदर तोंडात कोंबायच्या. मला वाटायचं, माझ्या भाषेनं दिपल्या बिचाऱ्या.

नवऱ्याचं नाव मी अजून घेत नाही, तुम्हीही विचारू नका. ते दिवसभर शेतात असत, आणि घरात असले की जो शेवटी बोलला त्याचं त्यांना पटत असे. घर चालायचं ते मामाजींच्या, म्हणजे गावचे पाटील असलेल्या सासऱ्यांच्या शब्दावर आणि आत्याबाईंच्या म्हणजे सासूच्या टोमण्यांवर.

एकदा मंगरूळच्या बाजारातून गूळ आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून. मामाजींनी कागद झटकला, उलटासुलटा केला आणि दाराकडं सरकवला. "वाच वं सूनबाई, काय छापलं."

मी दाराआडून पदर सावरून असं वाचलं, जसं काही शाळा तपासायला साहेब आलाय. जगातल्या देशांची प्रतवारी कशी करतात, त्यावर मोठा मजकूर होता. काही देश पुढारलेले, काही मागासलेले; आणि आपला देश मागासलेल्यांत मोडतो.

मामाजींच्या हातातला गुळाचा खडा हातातच राहिला. "कोनं लावली हे प्रत?"

"मोठे विद्वान लोक असतात, मामाजी. लोक किती शिकले, काय खातात, पोरं किती जगतात, असं सगळं मोजतात ते."

"आपल्या गावात आले होते काय मोजाले?"

"नसतील आले."

"मंग? गाडी न पाहता भाव कसा सांगतला?"

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "अन् पाहून कोनता जास्तीचा देनार होते? उकिरडा दारात, अन् म्हने प्रत."

ते तिथंच संपलं असतं. पण थोड्याच दिवसांत सायकल हातात धरून, धोतर खोचून ग्रामसेवक आला. योजनेचा माणूस. ओट्यावर बसून घाम पुसत त्यानं सांगितलं, की या भागातली गावं पाहायला मोठे साहेब येणार आहेत, सोबत नागपूरकडच्या एक बाईसाहेबही. गावं पाहून ठरवणार, कोणतं पुढारलेलं, कोणतं मधलं, कोणतं मागास.

मामाजी एकदम सरसावून बसले. "कशावरून ठरवतेत?"

"रस्ता, शाळा, शोषखड्डा. घरात धूर होते का. बायामाणसं शिकली काय, बाळंतपणं कशी होतात."

प्रत ठरल्यावर पुढं काय होणार, हे मामाजींनी विचारलं नाही. गावातल्या कुणीच विचारलं नाही. ज्याची प्रत चांगली त्याला भाव चांगला. आमच्या मुलखात कोण असं विचारत बसतं?

ग्रामसेवकानं सहज पुढं म्हटलं, "गावात एखादी वाचता येनारी बाई हाय का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. तोंडाला कुलूप घालायचं आणि चुलीपुढं बसून राहायचं. पण अंगातली सातवी उसळली ना! त्यानं विचारलं मामाजींना, आणि मी दाराआड घसा खाकरला. हाताला लागला साबणाच्या वडीचा कागद. तो मी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. कपडे कसे भिजवावेत, कसे घासावेत, लोकरीचे कसे वेगळे काढावेत. त्या गावात लोकर फक्त मेंढीच्या अंगावर होती. वाचून संपलं तेव्हा मला वाटलं, आता टाळ्याच पडतात.

टाळ्या नाही पडल्या. मामाजी म्हणाले, "सापडला. वरचा कापूस सापडला."

मला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्यात ओटी भरायची, मग वडील न्यायला येणार, आणि मी मायजवळ जाणार. माझं सगळं मन त्या दिवसावर टांगलेलं होतं. गावात एकच सुईण, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ती माझ्या पोटाकडं बघून "बरं हाय" म्हणायची तेव्हा बऱ्याचदा तिचं तोंड खांबाकडं असायचं. मला रात्ररात्र झोप लागत नसे. पण मामाजींनी जाहीर केलं, "साहेब येऊन जाईपर्यंत सूनबाई हालनार नाई. मंग खुशाल माहेरी जा, दोन महिने ऱ्हाय."

साहेब पुढच्या पंधरवड्यात येणार होते. येणार म्हणजे, ग्रामसेवक म्हणाला होता.

मग गाव भरणं सुरू झालं. चुना लागला, पण रस्त्याकडच्या भिंतींना. मागच्या भिंती राहिल्या तशाच. गावाच्या कडेला तट्ट्याचा संडास उभा राहिला, आणि जागा कोरडी आहे म्हणून त्यात आठवड्याभरात गोवऱ्या रचल्या गेल्या. आमच्या स्वयंपाकघरात धूर न होणारी चूल आली, मातीची, नळकांडं लावलेली. ती इतकी देखणी झाली, की तिच्यावर स्वयंपाक करायला मामाजींनी बंदी घातली. काळी होईल! आम्ही मागच्या अंगणात तीन दगडांवर भाकरी थापायला लागलो, वैशाखाच्या उन्हात. आत्याबाई फुंकणी आपटत म्हणायच्या, "चुलीले धूर नाई लागू देत, सासूले लागला तं चालते."

मला आतल्या ओसरीवर एका खुर्चीत बसवायचं ठरलं. खुर्ची चावडीतून आणली होती. पुढं दुपारच्या वेळी सात-आठ बाया पाट्या घेऊन बसायच्या, त्यांना मी शिकवायचं. पहिल्या दिवशी मी बाराखडीपासून सुरू केलं, अगदी मास्तरीणबाई होऊन. बायांना धसकटं वेचायची, शेण काढायचं, लेकरं पाजायची, त्या म्हणाल्या, "बाई, साहेबाले दाखवापुरतं काहीतरी एक शिकव ना." मग 'कमळ' शिकवलं. एक शब्द. रांगोळी घालावी तसा त्यांनी तो घोटला. कमळ कुणी कधी पाहिलं नव्हतं.

खुर्चीत बसायला मला फार आवडलं, पहिले चार दिवस. मग पोट वाढत गेलं, उतरता येईना, चढता येईना. साहेबांचं येणं पुढं गेलं. ग्रामसेवक सायकल टेकवून सांगायचा, "या आठवड्यात नाई जमत. पुढच्या आठवड्यात पक्कं." बाहेर रस्त्यावर धूळ उठली, की कुणीतरी ओरडायचं, "जीप!" माझं नवं लुगडं पेटीतून निघायचं, मला खुर्चीत बसवायचे, पाट्या वाटल्या जायच्या. धुळीतून बाहेर यायची सरकीची गाडी. लुगडं पुन्हा घडी. झऱ्यावर जायची मला मनाई झाली, ऊन लागून काळी पडेन म्हणून. शेजारी बसायला जायची मनाई, ऐनवेळी सापडणार नाही म्हणून. देव्हाऱ्यातला देव तरी आंघोळीला बाहेर काढतात.

सातवा लागला. ओटी भरली. वडील न्यायला आले.

ते दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, घेऊन आले होते, भाड्याची. मी दाराच्या फटीतून पाहिलं. टोपी काढून ओट्याच्या कडेला बसले होते. उन्हानं चेहरा भाजलेला. आमच्याकडं अशी रीत, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी घ्यायचं नाही. ते आपला तांब्या सोबत आणत. पण वाटेत चढावर बैल अडला, त्या खटपटीत तांब्या सांडला होता. आत्याबाईंनी रीत म्हणून पाणी पुढं केलं, त्यांनी रीत म्हणून हात जोडले. ओठ कोरडे, सारखी जीभ फिरवत होते.

"इवाई," मामाजी व्याह्यांना म्हणाले, "तुमी तं सरकारी मानूस. देशाचं काम हाय हे. साहेब येऊन राह्यले."

"कधी येतात?"

"या आठवड्यात. नाई तं पुढच्या."

वडिलांनी टोपीवरची धूळ झटकली. "तिची आई वाट पाहते."

"पाहू द्या ना थोडी. पोरगी सुखात हाय. खुर्चीत बसते!"

सरकारी कामाच्या आड येणारा माणूस माझा बाप नव्हता. साहेब दिसला की ते रस्त्यात चप्पल काढायचे. त्यांनी पिशवी दाराशी ठेवली. आत मायचं जुनं मऊ पातळ होतं, बाळाला गुंडाळायला. निरोप तोंडी होता. "तुझ्या आईनं मेथीचे लाडू वळून ठेवले आहेत. पाठवले नाहीत. म्हणाली, येऊन खा."

दमणी वळली तेव्हा आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "वाच आता साबनाचा कागद."

खोटं नाही सांगत, त्या वेळी मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला होता.

आठवा सरत आला. मिरगाचा पाऊस तोंडावर. आमची काळी जमीन एकदा भिजली, की गाडीचं चाक आसापर्यंत रुततं. मग चार महिने गरोदर बाई गावाबाहेर निघणं शक्य नाही. पश्चिमेला ढग दिसला की मी बोटांवर दिवस मोजायला लागे. मी नवऱ्याला सांगून पाहिलं. त्यांना पटलं. मग मामाजी बोलले, ते त्यांना जास्त पटलं.

आणि एका सकाळी खरंच जीप आली. इतक्यांदा धुळीनं फसवलेलं, की कुणी ओरडलंच नाही. लुगडं नेसता नेसता मला घाम फुटला. खुर्चीत बसवायला दोघी जणी लागल्या.

मोठे साहेब ओट्यावरच बसले. त्यांना चहा मिळाला, भिंतीचा चुना मिळाला, ते खूश होते. बाईसाहेब मात्र सरळ आत आल्या. खादीची साडी, चष्मा, हातात घड्याळ. अंगानं बारीक, पण नजर आमच्या कापसाच्या व्यापाऱ्याची. आल्या त्या थेट चुलीपाशी गेल्या, बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं.

"या चुलीवर कधी स्वयंपाक झालाय का हो?"

"होते ना," आत्याबाई म्हणाल्या. "पन पोरीवानी जपतो."

मग त्या बायांत बसल्या. सगळ्या पाट्यांवर 'कमळ'. त्यांनी एकीची पाटी घेतली, हातानं पुसली आणि म्हणाल्या, "आता 'मका' लिही पाहू. 'म' आणि 'क' तुला येतातच."

त्या बाईनं पाटी परत ओढून घेतली. "बाई, पुसलं काहून? मोठ्या मुश्किलीनं जमलं होतं."

कोपरापर्यंत हात गेला होता. मला दाराच्या फटीतून मामाजींचं धोतर दिसत होतं. त्यांचा पाय हलायचा थांबला.

बाईसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं. मला वाटलं, आता वाचायला लावतील. मी साबणाचा कागद तोंडपाठ करून बसले होते. पण त्यांनी वाचायला नाहीच लावलं. म्हणाल्या, "एक मी माझंच विचारते, हे कुठं छापलेलं नाही. गाव किती पुढं गेलं, ते मला यावरून कळतं. या घरातली बाई तिला वाटलं तर, तिच्या मर्जीनं, घराबाहेर जाऊ शकते का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कुणी पढवलं नव्हतं.

'नाही' म्हटलं असतं तर मामाजींची गाडी भर बाजारात उलटली असती, आणि मिरगापर्यंत काय, जन्मभर मला माहेर दिसलं नसतं. 'हो' म्हटलं असतं तर छान छान म्हणून बाई उठल्या असत्या, जीप गेली असती, आणि मी खुर्चीत. मी इतकी हुशार कधीच नव्हते हो. जे सुचलं ते भीतीनं सुचलं. मी घसा खाकरला. तोच घसा. आणि ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जाते ना! मी आजच माहेरी चालले. मंगरूळला. तुमची जीप तिकडंच जाईल ना?"

बायांच्या हातातल्या पाट्या गळायच्या बाकी राहिल्या. बाईसाहेबांचा चेहरा मात्र पहिल्यांदा उजळला. त्यांनी दारातून हाक दिली, "पाटील, तुमची सून आज माहेरी चालली म्हणते. खरं का?"

मामाजींनी साहेबांकडं पाहिलं असणार, ग्रामसेवकाकडं पाहिलं असणार, चुन्याकडंही पाहिलं असणार. मग खोकल्याचा आवाज आला.

"हो तं," मामाजी म्हणाले. "आमच्यात कोन अडवते?"

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "याला म्हणतात पुढारलेलं गाव."

मी खुर्चीतून उतरायच्या आत बोचकं आलं. आत्याबाईंच्या हातात होतं. ते त्या क्षणी बांधलेलं नव्हतं. आत माझी लुगडी होती, मायचं पातळ होतं, बाळंतशोपा होत्या, सुंठ होती. कधी बांधून ठेवलं होतं, देव जाणे. माझ्या ओटीत घाईघाईनं तांदूळ आणि नारळ घालून, कुंकू लावता लावता त्या कानाशी पुटपुटल्या, "पोट धरून बस. अन् आता तोंड उघडू नको. बोलली तेवढं बस झालं."

जीपचा ड्रायव्हर दर्ग्यामागच्या गल्लीतला निघाला, माझ्या वडिलांच्या ओळखीचा. प्रत्येक खड्ड्याला म्हणायचा, "संभालके बेटी. ये रास्ता बैलों ने बनाया है, मैंने नहीं." शेजारी बसलेल्या बाईसाहेब खड्डा आला की माझ्या पाठीमागं हात धरत. माझा डाव त्यांना कळला होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

मी मायच्या ओट्यावर उतरले आणि तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. लाडू खायला मिळाले. मुलगी झाली, मायच्या मांडीशी.

दिवाळीनंतर तिला घेऊन परत आले. चावडीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पुढारलेले गाव'. मामाजींनी मला ते तीनदा वाचायला लावलं. पण त्यांचा चेहरा उतरलेला. नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा होता. साहेब तिकडंही गेले होते. तांड्यातल्या बायांनी चुना लावला नव्हता, पाट्या धरल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं होतं, पाणी नाही, लेकरं मरतात, बस. तांडा मागास ठरला, आणि मागास म्हणून त्याला बांधीव विहीर मंजूर झाली. आम्हाला निळा रंग.

"कवडीले भाव जास्त?" मामाजी अजून त्याच प्रश्नात अडकलेले होते. "हा कोन्त्या बाजाराचा कायदा हाय?"

संक्रांतीला पुन्हा माहेरपणासाठी मी विचारलं, तर ते म्हणाले, "पाहू." बाईसाहेब पुन्हा कधी आल्या नाहीत. जीप काही दर खेपेला दारात उभी राहत नाही. मी पश्चात्ताप करावा असं काहींना वाटतं; विहीर गेली ना माझ्या तोंडापायी. पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तर पुन्हा तेच बोलेन, आणि जरा मोठ्यानं.

उन्हाळा आला, आमचा झरा आटला. आत्याबाईंनी माझ्या हातात घागर दिली. "चाल, पुढारलेली. भर पानी तांड्यावरून."

तांड्याची विहीर खोल होती, पाणी गोड होतं. काठावर बाया उभ्या होत्या, हातभर बांगड्या, आरशांचे घागरे. आम्हाला बघून एक म्हातारी हसली. दोर माझ्या हातात देत म्हणाली, "तुमच्या गावात बाया आपल्या मर्जीनं कुठंबी जातेत म्हनं? साहेब सांगत होता."

माझ्या मागं आत्याबाई होत्या. सातवी अंगातून कधीच उतरली होती.

"जातो ना माय," मी म्हटलं. "हे काय, पान्याले आलो."

ती इतकी हसली की दोर सुटता सुटता राहिला.